धम्मदूत आणि बदलते सोबती

धम्मदूत म्हटला की एकट्याने वाट चालणारा भिक्खू आपल्या डोळ्यांसमोर येतो. त्याला कारणही आहे. सारनाथच्या पहिल्या वर्षावासानंतर तथागतांनी ६० अर्हतांना चारी दिशांस पाठविले, तेव्हा एका वाटेने दोघांनी जाऊ नये असे त्यांनी सांगितले होते. पण ते अर्हत होते. नव्याने प्रव्रजित झालेल्या तरुणाला विनयाने असे एकटे सोडलेले नाही, ही गोष्ट श्रामणेर शिबिरांतून फारशी सांगितली जात नाही.

परमुलखात काम करणाऱ्या तरुणाला सोबत लागते, आणि ती सोबत सहसा टिकत नाही. या अडचणीचे एक ठळक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले. ते ख्रिस्ती मिशनऱ्यांचे आहे, म्हणून कोणी नाक मुरडू नये. भिक्खू संघाने ख्रिस्ती धर्मगुरूंकडून, विशेषतः जेझुइटांकडून, काही गोष्टी घ्याव्यात असे पूज्य बाबासाहेबांनीच १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात लिहिले होते.

अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस उतरले. हॉल तेव्हा २८ वर्षांचे होते. कंपनी सरकार त्यांना परत धाडू पाहत होते. नॉट प्रकृतीमुळे १८१५ साली मायदेशी गेले. दरम्यान १८१४ मध्ये सॅम्युएल न्यूएल येऊन मिळाले. ते १८२१ साली पटकीने वारले. मागाहून आलेल्यांपैकी कोणी परतले, कोणी इथेच मातीआड झाले. अखेर १८२६ मध्ये नाशिककडे फिरतीवर असताना हॉल यांनाही पटकीनेच गाठले.

अहमदनगरचे (आजचे अहिल्यानगर) ठाणे डिसेंबर १८३१ मध्ये सुरू झाले. अ‍ॅलन ग्रेव्हज, विल्यम हर्वी, हॉलिस रीड हे तिघे आणि त्यांच्यासोबत बाबाजी नावाचे ब्राह्मणातून ख्रिस्ती झालेले गृहस्थ. पाच महिन्यांत हर्वी गेले. ग्रेव्हज आजारी पडून अमेरिकेस गेले, १८३३ मध्ये बाबाजी वारले, १८३५ मध्ये रीड परतले. पहिली तुकडी अशी पांगली, तरी ठाणे बंद पडले नाही.

असे का झाले? एक तर गेलेल्याच्या जागी दुसरा येत राहिला. १८३५ मध्ये आलेले हेन्री बॅलेंटाइन जवळजवळ ३० वर्षे राहिले. दुसरे असे की, येणाऱ्याला आधी मराठी शिकावी लागे. १८४२ साली नगरहून ‘ज्ञानोदय’ मराठीतून निघू लागला. आणि शाळा होत्या. मिस सिंथिया फॅरार १८२७ साली मुंबईस आल्या, १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. एवढ्या वर्षांत भोवतालचे सहकारी कितीदा बदलले, पण मुलींची शाळा चालली. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले ते याच बाईंकडे. धर्मांतर करविणे हा मिशनचा हेतू होता, हे विसरण्याचे कारण नाही. शिवाय इथल्या माणसांच्या हाती कारभार सोपवायला मिशनने पुष्कळ वर्षे लावली, हे तर आमच्या मते मोठेच उणे.

आता आपल्याकडे पाहू. दोन तरुण एखाद्या तालुक्यात धम्मवर्ग सुरू करतात. एकाला नोकरी लागते किंवा लग्नानंतर तो दुसऱ्या गावी जातो. दुसरा महिनाभर रेटतो, मग विहाराला कुलूप लागते. कारण वर्ग त्या दोघांच्या मैत्रीवर उभा असतो.

विनयाने ही अडचण फार आधी ओळखली होती. नव्या भिक्खूने किमान ५ वर्षे गुरूच्या आश्रयाने राहावे असा नियम आहे. त्याला निस्सय म्हणतात. गुरू आजारी पडला तर शिष्याने शुश्रूषा करावी, आणि शिष्य आजारी पडला तर गुरूनेही तितकीच करावी. (हे दुसरे वाक्य आपण बहुधा गाळतो.) उपाध्याय दूर गेला, चीवर सोडून गेला, वारला किंवा परपंथास मिळाला, तर निस्सय संपतो, आणि तरुणाने दुसऱ्या आचार्याचा आश्रय घ्यायचा असतो. म्हणजे सोबती बदलणार हे धरूनच नियम केला आहे. त्यात कुणाला दोष दिलेला नाही.

सीमेवरच्या मुलखात सोबतीची चणचण आणखी मोठी. अवंतीत सोण कुटिकण्णाला उपसंपदा देण्यासाठी महाकच्चायनांना १० भिक्खू जमविता जमविता ३ वर्षे लागली. ते कळल्यावर तथागतांनी अशा प्रदेशांसाठी ही संख्या ५ वर आणली; मात्र त्यांतला एक विनय जाणणारा हवा. महिंद थेर लंकेस गेले ते चार भिक्खू, सुमन श्रामणेर आणि भंडुक उपासक यांना घेऊन. महिंदांसह पाच भिक्खू झाले, म्हणून तेथे उपसंपदा देता आली.

शासन लंकेत रुजले काय, असे राजाने महिंदांना विचारल्याची हकीकत अट्ठकथेत आहे. महिंदांनी उत्तर दिले की ते उभे राहिले आहे, पण मुळे अजून उतरलेली नाहीत. या बेटावरच्या आईबापांचा, इथेच जन्मलेला मुलगा प्रव्रजित होऊन इथेच विनय शिकेल आणि इथेच तो सांगेल, तेव्हा उतरतील. पुढे तसा विनय सांगणारे निघाले ते महाअरिट्ठ, लंकेचेच.