परसातील भाजी आणि उन्हाळ्यातील वाळवण

पुणे-सातारा महामार्गावरील कामथडी हे भोर तालुक्यातील गाव. रस्ता हाताशी असला तरी आषाढ-श्रावणात भाजी महागतेच; पश्चिमेकडील डोंगरवाड्यांत तर झडीच्या दिवसांत ती मिळणेही दुरापास्त होते. तेव्हा घरातील वाळवण ही केवळ हौस राहत नाही.

परसबागेस फार जमीन लागत नाही. मोरीचे सांडपाणी आळ्यांत फिरविल्यास थंडीत मेथी व वाल, उन्हाळ्यात गवार आणि मृगानंतर मांडवावर दोडका, घोसाळी घेता येतात. थंडीत उरलेली मेथी सावलीत वाळवावी. कडक उन्हात तिच्यातील जीवनसत्त्व नष्ट होते. गवारीच्या कोवळ्या शेंगा मात्र मिठाच्या उकळत्या पाण्यात 2 ते 3 मिनिटे बुडवून, निथळून, पातळ फडक्याखाली चैत्र-वैशाखाच्या उन्हात पसराव्यात.

नुकसान होते ते बहुधा डबा भरताना. वरून कोरडी दिसणारी शेंग आतून ओलसर असते आणि श्रावणात डबा उघडताच बुरशीचा वास येतो. शेंग वाकविताच मोडली पाहिजे; मेथीचा बोटांत चुरा झाला पाहिजे. जिन्नस पूर्ण थंड करूनच भरावा, अन्यथा डब्यात घाम सुटतो. भरल्यावर आठवड्याने डबा पाहावा. आत दमटपणा आढळल्यास पुन्हा ऊन द्यावे. बुरशी दिसली तर मात्र सर्व टाकून द्यावे. काही बुरशींचे विष शिजविल्यानेही जात नाही, ही गोष्ट ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गृहिणींस आवर्जून सांगावी.