‘शांत’ टॅरंटुला, ‘रागीट’ टॅरंटुला: काही गैरसमज

टॅरंटुला विकणारा माणूस गिऱ्हाइकाला कोळ्याच्या आधी त्याचा स्वभावदाखला देतो. ही जात शांत, ती रागीट, ती तर नवख्यानं घेऊच नये. दाखला अगदीच खोटा नसतो, पण त्याच्या भरवशावर राहणारा फसतो. मला एकटं सोडा, हे सगळ्याच टॅरंटुलांचं म्हणणं असतं. जातीजातीत फरक पडतो तो हे म्हणणं कोण कशानं पटवून देतो यात: कुणी केसांनी, कुणी सुळ्यांनी, कुणी धूम ठोकून.

‘पुढचे पाय उचलले, म्हणजे आता अंगावर येणार’

झाकण उघडून चिमटा आत घातला की कोळी मागच्या पायांवर रेलतो. पुढचे पाय वर, सुळे उघडे, आणि मधूनच एखादा पाय जमिनीवर थाडकन आपटणं. नवख्याच्या हातातला चिमटा इथेच गळून पडतो. हा पवित्रा त्याच्या सुळ्यांच्या रचनेतून आला आहे. घरात दिसणाऱ्या नेहमीच्या कोळ्यांचे सुळे एकमेकांकडे आडवे मिटतात. टॅरंटुलाचे सुळे समांतर असतात आणि वरून खाली घुसतात, त्यामुळे दंश करायचा तर पुढचं धड उचलावंच लागतं. म्हणजे ही तयारी आहे, आणि समोरच्याला दिलेली नोटीसही. नोटीस मिळाल्यावर आपण मागे सरलो तर बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो. विष तयार करायला शरीराला खर्च येतो आणि ते मुख्यतः भक्ष्यासाठी असतं. जे खाता येणार नाही त्याच्यावर ते उधळण्यात कोळ्याला काही मिळत नाही.

‘पाठलाग करतो’ हीदेखील अशीच समजूत. बिथरलेला टॅरंटुला अंधाराकडे आणि आडोशाकडे पळतो. तो आडोसा तुमच्या शर्टाची बाही असेल, तर तो तिकडेच येणार.

काही जाती याच वेळी फिसकारतात. कोळ्याला कंठ नाही. जबड्याजवळचे ताठ केस एकमेकांवर घासून तो आवाज निघतो. आसामातल्या एका टॅरंटुलाची अशा आवाजासाठी प्राणिशास्त्रज्ञ जेम्स वूड-मेसन यांनी १८७७ मध्येच नोंद केली होती. आवाजाचा अर्थ पवित्र्यासारखाच आहे: हात मागे घ्या.

उलटंही होतं. पाण्याच्या वाटीत धार सोडली की कोळी तिच्यावर झडप घालतो आणि मालक म्हणतो, फारच चिडका निघाला. तो चिडलेला नसतो, भुकेला असतो. जमिनीला आलेला कंप म्हणजे भक्ष्य, एवढाच त्याचा हिशेब.

‘शांत जात घेतली की धोका नाही’

सगळ्यांत महागात पडू शकणारा गैरसमज हा. नवख्यांना साधारणपणे अमेरिका खंडातल्या जाती सुचवतात: लाल गुडघ्यांचा मेक्सिकन ब्रॅकीपेल्मा, चिलीचा गुलाबी ग्रॅमोस्टोला. संथ चालीचे, सहसा न चावणारे. ते चावत नाहीत कारण त्यांच्याकडे दुसरं हत्यार आहे. पोटावरच्या सूक्ष्म, काटेरी केसांचा थर ते मागच्या पायांनी भराभर घासून हवेत उडवतात. कातडीवर परिणाम खाजकुयलीसारखा, नाकात गेले तर शिंका आणि जळजळ. डोळ्यात गेले, तर मात्र प्रकरण गंभीर होतं.

इंग्लंडमधल्या लीड्स शहरातल्या नेत्रतज्ज्ञांनी २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका तरुणाची हकीकत छापली. डोळा लाल, पाणी गळतंय, उजेड सहन होत नाही. आधी साधे डोळे आले म्हणून औषध झालं, गुण येईना. शेवटी मोठ्या भिंगाखाली पाहिल्यावर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रुतलेले केसासारखे बारीक तंतू दिसले. तेव्हा कुठे त्याला आठवलं, की आपण चिलीच्या गुलाबी टॅरंटुलाच्या टाकीची काच पुसत होतो, मागे हालचाल जाणवली म्हणून वळलो आणि तोंडावर केसांचा फवारा आला. केस इतके बारीक, की चिमट्यानंही निघेनात. स्टेरॉइडच्या थेंबांवर दीर्घ उपचार करावे लागले. लक्षात घ्या, हा नवख्यांच्या यादीतला कोळी.

म्हणून पेटी साफ करताना चष्मा किंवा गॉगल, हातमोजे, आणि तोंड पेटीवर वाकवायचं नाही. टाकलेल्या कातीवर आणि जुन्या मातीतही हे केस असतात, त्यामुळे कोळी दुसऱ्या डब्यात हलवला म्हणून गॉगल काढू नये. केस डोळ्यात गेल्याची शंका आली तर डोळा चोळायचा नाही. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात ‘घरी टॅरंटुला आहे’ हे सांगायचं, कारण ते आपणहून हा प्रश्न विचारणार नाहीत.

पोटावर टक्कल पडलं म्हणून घाबरून जाणारेही असतात. तो आजार नाही. केस उडवून संपलेले असतात, पुढच्या कातीबरोबर नवे येतात. मात्र टक्कल वाढतच असेल तर कोळ्याला कोण आणि कशानं सारखं डिवचतंय, ते शोधावं.

आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातल्या टॅरंटुलांकडे हे केस नाहीत. ते वेगावर आणि सुळ्यांवर अवलंबून असतात, आणि ‘रागीट’ हा शिक्का त्यांनाच बसतो. या वाटणीलाही अपवाद आहेत: अमेरिकेतल्याच सॅल्मोपियस जातींकडे उडवायचे केस नसतात आणि त्या विजेसारख्या पळतात. तेव्हा ‘अमेरिकेतला आहे ना, मग ठीक’ असं ऐकून घेऊ नये.

‘रोज हातावर घेतलं की माणसाळतो’

आठ डोळे असूनही टॅरंटुलाला धूसरच दिसतं. त्याला जग कळतं ते पायांवरच्या केसांतून: कंप, हवेची झुळूक, स्पर्श, अगदी चवसुद्धा. तुमचा तळहात म्हणजे त्याच्या लेखी कोमट, थोडी हलणारी जमीन. तो तळहातावर स्वस्थ बसला, तर त्या क्षणी पळावंसं वाटलं नाही एवढंच म्हणता येईल. धन्याची ओळख पटल्याचा कुठलाही पुरावा नाही. हातावर घेतलेल्या कोळ्याचे फोटो झकास येतात, त्यात वाद नाही. पण त्या खेळात जास्त जोखीम कोळ्याची. त्याचं पोट पातळ पिशवीसारखं, छातीच्या उंचीवरून पडलं तर फाटतं. पाय सरळ करण्याचं कामही मुख्यतः अंगातल्या द्रवाच्या दाबावर चालतं, त्यामुळे द्रव वाहून गेला की पाय आखडतात आणि कोळी जातो.

‘हा पहिल्यापासूनच चिडका आहे’

बहुतेक वेळा चिडकी असते ती पेटी. आफ्रिकेचा नारिंगी बबून टॅरंटुला याचं चांगलं उदाहरण आहे. उथळ मातीच्या उघड्या डब्यात तो झाकण हललं की पाय उचलतो. त्यालाच खोल माती आणि आडोशाला झाडाच्या सालीचा तुकडा दिला, की तो जाळ्याचं भुयार विणून आत राहतो आणि झाकण उघडल्यावर आणखी आत सरकतो. पळायला जागा असलेल्या कोळ्याला लढायची गरज पडत नाही. बिळात राहणाऱ्या जातींना दाबून बसवलेलं कोकोपीट भरपूर लागतं. जमिनीवर राहणाऱ्यांसाठी माती ते झाकण हे अंतर पाय पसरल्यावरच्या लांबीच्या दीडपटीहून जास्त नको, नाहीतर काच चढून पडतो. पार्सलनं नुकताच आलेला कोळी बिथरलेलाच असतो. त्याला पाणी, अंधार आणि काही दिवस द्यावेत.

कातीचे दिवस वेगळे. खाणं सुटतं, रंग मळतो, टकलाची जागा काळी पडते, स्पर्श सहन होत नाही. मग एक दिवस तो उताणा पडतो. मेला समजून उलटा करू नका, तो कात टाकतोय. मेलेल्या किंवा मरणाऱ्या कोळ्याचे पाय पोटाखाली मुडपलेले असतात. या काळात पेटीत जिवंत रातकिडा राहू देऊ नका, तो मऊ पडलेल्या कोळ्याला कुरतडतो. नवे सुळे आधी पांढरे असतात. ते काळे होईपर्यंत खाऊ घालायची घाई नको.

कोळ्याला हलवायचं असेल तर फुंकर मारू नका. हवेचा झोत हा त्याच्यासाठी मोठा धक्का आहे. ‘थंड पडावा म्हणून फ्रीजमध्ये ठेवा’ हा सल्ला तर ऐकूच नये. लांब चिमटा, मऊ ब्रश, पारदर्शक डबा आणि जाड पुठ्ठा एवढं पुरतं. डबा वरून पालथा घालायचा, पुठ्ठा खालून सरकवायचा, किंवा ब्रशनं मागच्या पायाला हलकं टोकून डब्यात चालतं करायचं. हे सगळं एका मोठ्या टबात करावं, म्हणजे निसटला तरी टबातच राहतो.

‘आपल्याच जंगलातला आहे, मग पाळायला काय हरकत?’

पोएसिलोथेरिया हे झाडांच्या ढोलींत राहणारे देखणे टॅरंटुला फक्त भारत आणि श्रीलंकेत सापडतात. आंध्र प्रदेशातल्या गुत्तीच्या नावानं ओळखला जाणारा निळा कोळी त्यातलाच; तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे. हा सगळा गट २०१९ मध्ये साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये आला. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या भारताच्या वन्यजीव कायद्याच्या दुरुस्तीनं साइट्सच्या परिशिष्टांतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचं बंधन घातलं. मेक्सिकन ब्रॅकीपेल्माही याच परिशिष्टात आहे. २०२१ मध्ये चेन्नईच्या कस्टम्सनं पोलंडहून आलेल्या टपालात १०७ जिवंत कोळी पकडले, त्यांत ब्रॅकीपेल्मा होते. तेव्हा कोळी घेण्याआधी कागदपत्रं मागा. सह्याद्रीतून उचलून आणणं तर नकोच.

‘चावला तर माणूस मरतो’ आणि ‘मधमाशीइतकंच दुखतं’

दोन्ही चूक. टॅरंटुलाच्या दंशानं माणूस दगावल्याची खात्रीलायक नोंद नाही. अमेरिकी जातींचा दंश बहुधा थोडा वेळ दुखून थांबतो. पोएसिलोथेरियाच्या दंशानं मात्र स्नायूंत जबर गोळे येतात, आणि ते पुढे कित्येक दिवस परत परत येऊ शकतात. वर उल्लेख केलेल्या सॅल्मोपियसच्या विषातली काही द्रव्यं मिरचीच्या तिखटानं जागा होणारा नसेतला ग्राहकच (रिसेप्टर) जागा करतात. शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं हे २००६ मध्ये दाखवलं. तो ग्राहक शोधल्याबद्दल त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

दंश झाला तर साबणानं धुवा, थंड पट्टी ठेवा. गोळे येऊ लागले, श्वास लागला किंवा अंगावर सूज चढली तर रुग्णालय गाठा, आणि कोळ्याचं शास्त्रीय नाव लिहिलेली चिठ्ठी बरोबर न्या. चिठ्ठी पेटीवर आधीपासूनच चिकटवलेली बरी.

घरात कुत्रं असेल तर झाकणाला कडी हवीच. ऑस्ट्रेलियातल्या टॅरंटुलांच्या दंशांचा २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की दंश झालेली सातही कुत्री मेली. त्यातल्या दोन घटनांत त्याच कोळ्यानं नंतर मालकालाही दंश केला, पण मालकांना फारसं काही झालं नाही.