दाबल्यावर कळतं

"चार्जर हिरवा लाईट देते भाऊ, पण इस्क्रू अर्धा गेला का बंदच पडते. बॅटरीच गेली असन." जऊळका रेल्वेतल्या मोटार वायंडिंगच्या दुकानात बिनवायरचं ड्रिल घेऊन आलेला सुतार निदानासकटच आला होता.

मेकॅनिकने बॅटरी काढून बाजूला ठेवली. आधी उलट-सुलट फिरवायची कळ पाहिली. ती मधोमध राहिली की ट्रिगर दबतच नाही आणि चांगलं मशीन 'बिघडतं'. मग खोका उघडून मोटरच्या दोन वायरींना फवारणी पंपाच्या १२ व्होल्ट बॅटरीचा करंट थेट दिला. मोटर जरा हळू, पण एकसारखी फिरली. कार्बनजवळ ठिणग्या नाहीत, जळका वास नाही. म्हणजे मोटर वाचली. स्विचवर संशय कधी घ्यायचा, हेही त्याने सांगितलं. पूर्ण दाबल्यावरच फिरत असेल किंवा बॅटरी लावताच आपोआप सुटत असेल, तर स्विचमधला ट्रान्झिस्टर गेला समजायचं. इथे तसं काहीच नव्हतं.

आता बॅटरी. वर ठसठशीत '४८ व्होल्ट' छापलेलं, मीटरवर २०.१. आत लिथियमचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, म्हणून पाचांचे २१. त्याच पाचांना कुणी १८ व्होल्ट म्हणतं, कारण ते सेलमागे सरासरी ३.६ धरतात. ४८ कुठून आले, ते छापणाऱ्यालाच ठाऊक.

२०.१ म्हणजे ठीकच वाटावं. पण त्याने पॅक खोलून एकेक सेल मोजला. चार सेल ४.१८ वर, पाचवा ३.३८ वर. चौघे भरले की संरक्षण सर्किट चार्जिंग थांबवतं, चार्जर हिरवा होतो आणि पाचवा अर्धपोटी राहतो. मीटरच्या सुया त्या पाचव्यावरच ठेवून त्याने सुताराला लाकडात स्क्रू मारायला लावला. आकडा ३.३८ वरून धाडकन दोनच्या आसपास आला आणि सर्किटने सगळंच तोडलं. बिनभाराचं मोजमाप म्हणजे बसलेल्या बैलाची ताकद जोखणं.

ब्लॅक अँड डेकरने १९६१ मध्ये बिनवायरचं ड्रिल आणलं, ते निकेल-कॅडमियमवर चालायचं. ती बॅटरी दमत दमत बसायची. लिथियम एका क्षणात मुकं होतं, म्हणून जुन्या कारागिराला मशीनच मेलं असं वाटतं. मे महिन्यात तर निराळाच घोळ होतो. टिनाखाली तापलेली बॅटरी चार्जर घेतच नाही. साधारण ४५ अंशांवर लिथियमला चार्जिंग सोसत नाही, आणि पॅकमधलं तापमान मोजणारं तिसरं टोक चार्जरला ते कळवतं. सावलीत अर्धा तास ठेवली की घेते. तेवढं न करता लोक नवा चार्जर घेतात.

"मंग एकच सेल टाका ना," सुतार म्हणाला.

"नाही टाकत. बाकीचे चार बी तेवढेच जुने हायेत. नवा एक लावला, तं पुढच्या महिन्यात दुसरा बसन अन् तुम्ही मलाच शिव्या द्यान."

पाचही बदलायचे, तेही डाग न देता. सोल्डरच्या उष्णतेने सेल आतून खराब होतो. निकेल पट्टी स्पॉट वेल्डिंगनेच लावावी लागते, आणि ते यंत्र या दुकानात नाही. मेकॅनिकने नेमके कुठले सेल आणायचे ते कागदावर लिहून दिलं. "जास्त करंट देणारेच आणजा, टॉर्चमधले नको," असं वर बजावलं आणि पॅक वेल्डिंगसाठी अकोल्याला पाठवायच्या डब्यात टाकला.