घरची प्रार्थना आणि मंडळीची उपासना

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात सह्याद्रीच्या दाट रानात अणशी हे गाव वसले आहे. या मुलखात घरे विखुरलेली, पाऊस मुसळधार आणि वाटा घाटाच्या. अशा ठिकाणी राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाने रविवारी एवढे अंतर तोडून मिस्सेला का जावे, हा प्रश्न सहज उद्भवतो. देव सर्वत्र आहे; घरच्या आल्तारापुढे मेणबत्ती लावून जपमाळ म्हटली, तर ती त्याला पोहोचत नाही काय? २०२० साली महासाथीमुळे चर्चची दारे बंद झाली आणि घरोघरी दूरचित्रवाणीवर व मोबाइलवर मिस्सा पाहिली गेली. तेव्हापासून शहरांतील पुष्कळ लोकही हाच प्रश्न विचारू लागले आहेत.

एकांतातील प्रार्थना कमी प्रतीची आहे, असे ख्रिस्तसभेने कधीच म्हटलेले नाही. दार लावून गुप्तपणे प्रार्थना करण्यास प्रभू येशूनेच शिकविले. परंतु त्याच उपदेशात त्याने जी प्रार्थना दिली, तिच्यात 'मी' हा शब्द एकदाही येत नाही. तेथे पिता आमचा, भाकर आमची आणि अपराधही आमचेच. दार लावून बसलेला भक्तसुद्धा ही प्रार्थना म्हणताना इतरांना सोबत घेऊनच देवापुढे उभा राहतो. विठ्ठल घरातही आहे हे ठाऊक असूनही वारकरी दिंडीत का चालतो, हे ज्याला उमगले त्याला यातील मर्म वेगळे सांगावे लागणार नाही.

दुसरे असे की, ख्रिस्ती धर्मातील संस्कार कोणालाही स्वतःचे स्वतःला देता येत नाहीत. स्नानसंस्कार दुसऱ्याच्या हातून घ्यावा लागतो. पापांची क्षमा दुसऱ्याच्या मुखातून ऐकावी लागते. आणि प्रभूच्या भोजनाची भाकर तर वाटण्यासाठीच मोडली जाते. पडद्यावर मिस्सा पाहता येते, ऐकता येते. पण ती भाकर हाती येत नाही आणि शेजारी बसलेल्या विधवेचे डोळे भरून आले आहेत, हेही दिसत नाही.

इसवी सन १५५ च्या सुमारास रोम येथे संत जस्टिन यांनी रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्या वेळी गावातले आणि शेतांवरचे लोक एका ठिकाणी जमत. उपासनेत जमलेले द्रव्य अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परदेशी यांच्यासाठी ठेवले जाई. आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे प्रभूचे भोजन पोहोचविले जाई. कोण आले नाही, हे जमल्यावाचून कळत नाही. जो एकटाच प्रार्थना करतो, त्याची अनुपस्थिती कोणाच्याच ध्यानात येत नाही. आणि संकटाच्या दिवशी हीच गोष्ट त्याला जड जाते.

याचा मोठा दाखला गोवा-कानडा किनाऱ्याच्या इतिहासातच सापडतो. गोव्यातील बाणावली येथे १६५१ साली जन्मलेले संत जोसेफ वाझ यांनी १६८१ ते १६८४ या काळात कानडा प्रांतात धर्मसेवा केली. पुढे त्यांच्या कानी सिंहलद्वीपाची हकीकत आली. १६५८ साली जाफना डचांच्या हाती गेले आणि कॅथलिक धर्मगुरूंना बेटावर मज्जाव झाला. १६८७ साली वाझ मजुराच्या वेषात तेथे उतरले. गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत, ती ओळखून कोणी स्वधर्मीय पुढे येईल या आशेने. आणि लोक पुढे आले! सुमारे तीस वर्षे धर्मगुरू नसतानाही त्यांची श्रद्धा विझली नव्हती. मग रात्रीच्या अंधारात घराघरांतून मिस्सा होऊ लागली. पकडले गेल्यास दंड आणि तुरुंग ठरलेला. तरीही लोक जमत. एकट्याने घरी जप करणे त्यांना अधिक सुरक्षित होते. वाझ यांनी गावोगावी गृहस्थांनाच मंडळीचे पुढारी नेमले, म्हणजे आपण नसताना प्रार्थनेचा मेळा मोडू नये. १७११ साली कँडी येथे त्यांचे देहावसान झाले. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

मग घाटात दरड कोसळली, नदीला पूर आला, किंवा अंथरुणावरून उठवेना, तर काय? ख्रिस्तसभा अशांवर दोष ठेवीत नाही. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील १२४८ वा नियम स्पष्ट आहे: धर्मगुरूंच्या अभावी किंवा अन्य गंभीर कारणाने मिस्सा शक्य नसेल, तर लोकांनी एकेकट्याने, कुटुंबात, किंवा शक्य असल्यास काही कुटुंबांनी एकत्र येऊन प्रार्थनेत वेळ घालवावा. रानातल्या दोन घरांनी एका ओसरीवर बसून जपमाळ म्हटली, शुभवर्तमानाचा एखादा उतारा वाचला, तर तीही मंडळीच होय. अडचण सरताच मात्र मिस्सेची वाट धरली पाहिजे.

लहान मंडळीत प्रत्येक माणसाला मोल असते. मोठ्या शहरात एक बाक रिकामा राहिला तर कोणाला समजत नाही. दहा घरांच्या मंडळीत एक घर आले नाही, तर गाण्याचा आवाज खाली येतो आणि मागे राहिलेल्यांचे मन खचते. मला त्याची गरज नाही, असे म्हणणाऱ्याने एवढेच ध्यानात घ्यावे की, कदाचित शेजारच्याला त्याची गरज असेल.