पाणलवंग ओळखावी कशी?

पावसाळा सरत आला, की आपल्या रिसोडकडे ओढ्याकाठी, तळ्याकाठी चार पाकळ्यांची पिवळी फुले दिसू लागतात. हीच पाणलवंग. फुलाखाली जो जाडसर देठ वाटतो, तो देठ नव्हे बरं का. ते पुढे होणारे फळ. पाकळ्या गळतात, पण त्याच्या माथ्यावर चार हिरवी दले तशीच राहतात; म्हणून ते लवंगेसारखे दिसते.

तिच्या भावकीत घोटाळे पुष्कळ. पाण्यात गुडघ्याएवढे वाढलेले झाड आणि कोरड्या बांधावर वीतभर खुरटलेले झाड, या दोन जाती असे मी वर्गात बरीच वर्षे सांगत आलो. एकदा एका विद्यार्थ्याने खुरट्या झाडाचे पुंकेसर मोजले. भरले आठ! दोन्ही झाडे एकच. तेव्हा उंचीवर जाऊ नये, मोजावे. पाणलवंगेत पाकळ्या चार, पुंकेसर आठ. धाकट्या पिवळ्या बहिणीत पुंकेसर बहुधा चारच. पाण्यावर तरंगणारी तिसरी: पाकळ्या पाच, पांढऱ्या, बुडाशी पिवळ्या, पुंकेसर दहा, आणि पेऱ्यांशी कापसासारखी पांढरी, फुगीर मुळे.

याच कुळात ईव्हनिंग प्रिमरोझ येते. मूळची अमेरिकेची, युरोपात रानोमाळ पसरलेली, संध्याकाळी उमलणारी. तिथे तर जातींचे आपसांत संकर होतात. थोरल्या फुलाच्या जातीत खोडावरच्या केसांची बुडे लाल आणि मधली दांडी पुंकेसरांच्या वर गेलेली. धाकट्या फुलाच्या जातीत बुडे हिरवी, दांडी पुंकेसरांच्या बरोबरीची. लाल बुडे आणि आखूड दांडी एकत्र दिसली, की संकराचा संशय घ्यावा.

हॉलंडच्या ह्यूगो द व्हरीस यांना १८८६ साली हिल्व्हरसमजवळ एका पडीक बटाट्याच्या शेतात ही झाडे भेटली. त्यांच्या बियांतून वेगळीच रोपे निघत. नवी जात एका उडीत जन्मते, असे त्यांनी १९०१ पासून मांडले. पुढे कळले, की ते झाडच मुळात संकरित. त्याच्या चौदा गुणसूत्रांपैकी बारा एका कड्यात बांधलेली, आणि बरीचशी नवी रूपे पोटात दडलेलीच बाहेर पडत होती.

एवढा मोठा माणूस फसला, तिथे आपली काय कथा! म्हणून नाव ठेवण्याआधी फूल हातात घ्या, उलटे करा, आणि पुंकेसर मोजा.