सेकंदाच्या दोन हजाराव्या भागातला बिघाड

कॅमेरा साफ बंद पडला, तर वॉरंटीचं काम सोपं असतं. बटण दाबूनही काही होत नाही, हे काउंटरपलीकडच्या माणसालाही दिसतं. कठीण असतो तो अधूनमधून दिसणारा बिघाड. माझ्या कॅमेऱ्याला नेमका तोच झाला. भिगवणला उडत्या रोहितांचे सलग फोटो काढले, तर पहिले काही स्वच्छ, मग एकाच्या वरच्या कडेला काळपट पट्टा, पुढचे दोन पुन्हा स्वच्छ. घरात मुलांचे फोटो काढले तर काहीच नाही. वॉरंटीचं वर्ष संपत आलं होतं.

यांत्रिक शटरमध्ये सेन्सरच्या अगदी पुढे पातळ पात्यांचे दोन पडदे असतात. पहिला उघडत जातो, दुसरा मागून झाकत येतो. वेग १/१२५ ठेवला तर पहिला पडदा पूर्ण उघडतो, सेन्सर क्षणभर सबंध उघडा राहतो आणि मग दुसरा निघतो. साधारण १/२५० च्या पुढे तेवढी सवड नसते. पहिला वाटेत असतानाच दुसरा निघतो आणि दोघांमधली फट सेन्सरवरून सरकत जाते. १/२००० ला ही फट अवघ्या काही मिलिमीटरची असते. दुसरा पडदा किंचित घाईने धावला, किंवा पहिला किंचित अडखळला, की एका टोकाला फट आक्रसते आणि फोटोचा तेवढा भाग काळवंडतो. संथ वेगालाही दोष असतोच, पण उघडं राहण्याचा काळ इतका लांब असतो की त्यात तो दिसत नाही.

म्हणून सर्व्हिस सेंटरमधल्या मुलीने माझ्यासमोर भिंतीचे दोन-तीन फोटो काढले आणि म्हणाली, "सर, फोटो तर बरोबर येतायत." तेव्हा ती खोटं बोलत नव्हती. खोलीतल्या उजेडात ऑटोवर ठेवलेला कॅमेरा संथ वेगच निवडतो. आणि तिथेच वेग वाढवला असता, तर दुसरीच अडचण आली असती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिच्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात, आणि वेगवान शटरने तेही पट्ट्यासारखे उमटतात. "लाइटचा प्रॉब्लेम आहे" असा शेरा पडायला तेवढं पुरतं.

या कामात सगळ्यात मोलाचा कागद जॉब शीट आहे, वॉरंटी कार्डापेक्षाही. कॅमेरा पुढे मुख्य वर्कशॉपमध्ये जातो. तिथला तंत्रज्ञ तुम्हाला कधी भेटत नाही. त्याच्यासमोर असतो कॅमेरा आणि शीटवरची एक ओळ. माझ्या शीटवर पहिल्यांदा टाइप झालं, 'इमेज प्रॉब्लेम'. एवढ्यावर कुणीही चार फोटो काढेल आणि बिघाड आढळला नाही म्हणून परत पाठवेल.

मी घरून तयारी करून गेलो होतो. सकाळच्या उन्हात पांढऱ्या भिंतीचे १/१२५, १/५००, १/२०००, १/४००० असे सलग फोटो. मग लेन्स बदलून तेच. पट्टा तसाच, म्हणजे लेन्स सुटली. मग यांत्रिक शटर बंद करून इलेक्ट्रॉनिक शटरवर तेच. पट्टा नाहीसा. सेन्सर ठीक आहे आणि दोष पडद्यांतच आहे, हे इथे जवळजवळ नक्की होतं. मूळ फायली कार्डावर तशाच ठेवल्या होत्या. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या फोटोतून शटरचा वेग, वेळ ही सगळी माहिती गळून जाते, आणि पुरावा म्हणून त्याला फारशी किंमत उरत नाही.

"ताई, शीटवर एवढं लिहाल का? 'यांत्रिक शटर, १/१००० च्या वर, उन्हात, सलग फोटोंत मधूनच वरच्या बाजूला काळा पट्टा. लेन्स बदलूनही येतो. इलेक्ट्रॉनिक शटरवर येत नाही.'"

तिने आतल्या तंत्रज्ञाला बोलावलं. तरुण मुलगा होता. त्याने फोटो मोठे करून पाहिले आणि लगेच म्हणाला, "शटर युनिट जाणार हे." मग त्याने लेन्स काढून टॉर्च मारला, माउंटच्या कडा न्याहाळल्या, ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती नख फिरवलं, बॅटरीच्या कप्प्यात डोकावला. वाळूचा कण, दबलेला कोपरा, संपर्कावरचा हिरवट गंज तो शोधत होता. पडणं, पाणी, वाळू, बुरशी यांतलं काही सापडलं की वॉरंटी तिथेच थांबते. म्हणून शीटवरचा 'फिजिकल कंडिशन'चा रकाना सही करण्याआधी वाचावा. माझ्या कॅमेऱ्याच्या तळाला पट्ट्याच्या कडीने पडलेला ओरखडा होता. तो तसाच, 'ओरखडा, डेंट नाही' असा लिहून घेतला. बॅटरी, कार्ड, पट्टा काढून घेतले, सिरियल नंबर बिलाशी ताडून पाहिला.

शेजारच्या काउंटरवर रत्नागिरीहून आलेले एक गृहस्थ लेन्सच्या काचेत पसरलेली बुरशी दाखवत होते. कोकणातल्या पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सला ती धरतेच, आणि त्यांना वॉरंटीतून काहीच मिळणार नव्हतं. मला त्यांचं फार वाईट वाटलं. विकतानाच दुकानदाराने सिलिका जेल आणि हवाबंद डब्याची गोष्ट सांगायला हवी होती. त्यांच्यामागे लग्नाचे फोटो काढणारा एक मुलगा होता. मेव्हण्याने दुबईहून आणलेला कॅमेरा, बिल तिथलं. त्या कंपनीची बॉडीची वॉरंटी ज्या देशात विक्री झाली तिथलीच, त्यामुळे त्याला दुरुस्तीच्या खर्चाचा आकडा सांगण्यात आला. त्याचा चेहरा उतरला. ऐन लग्नसराई होती.

वॉरंटीची मुदत हा प्रत्येक वेळी शेवटचा शब्द नसतो. निकॉनचा डी६०० हा कॅमेरा २०१२ मध्ये आला, आणि सेन्सरवर, विशेषतः फोटोच्या वरच्या डाव्या भागात, डाग साचतात अशी तक्रार सुरू झाली. अमेरिकेत कॅमेरे भाड्याने देणाऱ्या लेन्सरेंटल्सचे रॉजर सिकाला यांनी आपल्याकडच्या अनेक कॅमेऱ्यांत तेच आढळल्याचं त्याच वर्षी लिहिलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये निकॉनने जाहीर केलं की वॉरंटी संपलेली असली तरी तपासणी, सफाई आणि शटर बदलणं मोफत होईल. एकाच जागी, एकाच आकाराचे डाग अनेकांनी फोटोंसह दाखवले, त्याचं हे फळ होतं असं मी मानतो.

काउंटरवर दाद लागलीच नाही, तर आधी कंपनीला लेखी ईमेल करावा, जॉब शीट जोडून. मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते, आणि आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही ती करता येते. जपानी कंपनी, दिल्लीचं कार्यालय, म्हणून कुणी माघार घेऊ नये. तिथेही पहिला प्रश्न येणार तो शीटवर काय लिहिलंय हाच.

माझ्यावर ती वेळ आली नाही. कॅमेरा परत आला तेव्हा शीटवर 'शटर युनिट बदलले, वॉरंटीत, शुल्क शून्य' असं होतं. बदललेल्या भागाची वॉरंटी किती, हे त्यावर नव्हतं. ते विचारून लिहून घेतलं. सही मागितली गेली तेव्हा मी बॅटरी घातली, स्वतःची लेन्स लावली आणि दाराबाहेर जाऊन आभाळाकडे १/४००० ने सलग फोटो काढले. तंत्रज्ञ मुलगाही माझ्याबरोबर बाहेर आला होता. आम्ही दोघांनी एकेक फोटो मोठा करून वरची कड तपासली, मग बॉडी उघडली होती म्हणून फोकस नीट बसतोय का तेही पाहिलं, आणि मी सही केली.