मुंबईतील परदेशी चव : गोदीच्या आसपास शोधावी अशी

मुंबईत परदेशी पदार्थ कुठे खावेत, या प्रश्नाला आज वांद्रे-कुर्ला संकुल किंवा लोअर परळ हे उत्तर जणू ठरून गेले आहे. सुशी, रामेन, पास्ता सारे तिथे उत्तम मिळते. पण ते दुबईतही मिळते आणि बंगळुरूतही. मुंबई हे बंदर होते म्हणून जे या शहराच्या ताटात आले, त्यासाठी गोदीच्या आसपासच फिरावे लागते. गोमंतकीय प्रवाशाला ते सोयीचेही आहे. कोकणकन्या त्याला पहाटे सीएसएमटीवर उतरवते आणि तिथून धोबीतलाव चालण्याच्या अंतरावर आहे.

तेथील जेर महाल या जुन्या इमारतीत ‘कयानी आणि कंपनी’ हे १९०४ पासूनचे इराणी उपाहारगृह आहे. याच इमारतीत गोव्यातील अनेक गावांचे कूड होते. बोटीवर खलाशी किंवा आचारी म्हणून जाणारे गावकरी काम मिळेपर्यंत तिथे मुक्काम करीत. खाली मिळणारा ब्रून मस्का, खिमा, मावा केक आणि दाट दुधाचा चहा यांना इराणी म्हणतात खरे, पण इराणात चहा बिनदुधाचाच पितात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यझ्द आणि केरमान भागातून आलेल्या झरतुष्ट्री कुटुंबांनी मुंबईच्या कामकऱ्यांना परवडेल आणि रुचेल ते विकले. ब्रूनचे कडक कवच तर गोव्याच्या उंड्याचीच आठवण करून देते.

इराणच्या स्वयंपाकघराशी थेट नाते सांगणारा पदार्थ बॅलार्ड इस्टेटमध्ये मिळतो. अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेल्या मातीच्या भरावावर ही वसाहत उभी राहिली आणि १९२३ मध्ये तिथे ‘ब्रिटानिया’ सुरू झाले. त्याचा बेरी पुलाव मात्र बराच नंतरचा, १९८० च्या दशकातला. दीर्घकाळचे मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नीने तो इराणमधील वास्तव्यानंतर आणला. मूळ इराणी प्रकारात केशरी भात, झेरेश्क नावाची आंबट लाल फळे आणि कोंबडीचे मांस एवढेच साधे असते; मुंबईत त्याला मसाला, तळलेला कांदा आणि काजू मिळाले. झेरेश्क आपल्या दारुहळदीच्या कुळातले. ते आजही इराणहून आणले जाते, आणि त्याच्या आंबटपणावाचून हा पुलाव नुसती बिर्याणी होईल.

चिनी अन्नाचीही गोष्ट अशीच. माझगावात कँटनकडच्या खलाशांनी व गोदी कामगारांनी वस्ती केली. त्यांचे छोटे मंदिर अजून आहे. १९६२ च्या युद्धानंतर संशयाच्या वातावरणात अनेकांनी देश सोडला आणि वस्ती विरली. त्या समाजाची पाककला अनुभवायची, तर कुलाब्यात रीगल सिनेमाजवळ लिंग कुटुंबाचे ‘लिंग्ज पॅव्हेलियन’ आहे. तिथे लाल रश्श्यांपेक्षा साधे सूप आणि वाफवलेला मासा मागवावा. चिकन मंचुरियनला कमी लेखण्याचेही कारण नाही. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबमध्ये तो घडवला. आले, लसूण, हिरवी मिरची हा आपला पाया, पण गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस. चीनमध्ये तो सापडणार नाही.

ताजमहाल हॉटेलातील ‘गोल्डन ड्रॅगन’ आणि ‘वसाबी’ यांचा दर्जा मोठा, बिलही तसेच. ती सवडीने पाहता येतील. इराणी उपाहारगृहांबाबत तसे म्हणवत नाही. धोबीतलावावरचेच ‘बास्तानी’ केव्हाच बंद झाले. पहाटेपासूनचे कष्ट, तुटपुंजा नफा आणि अन्य व्यवसायांकडे वळलेली पुढची पिढी यांमुळे कोपऱ्याकोपऱ्यावरची ही दुकाने आता मोजकी उरली आहेत. ‘ब्रिटानिया’चे बोमन कोहिनूरही २०१९ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी, गेले.

‘ब्रिटानिया’ परंपरेने दुपारच्या जेवणापुरतेच उघडते. रात्रीच्या कोकणकन्येने परतणाऱ्याने सकाळ कयानीला द्यावी आणि दुपार बॅलार्ड इस्टेटसाठी राखून ठेवावी.